काचेच्या पेटीतला गुडघापट्टा

१

पेटीत मेलेला उंदीर होता, आणि तो आजचा मेलेला नव्हता.

पोट फुगलेलं, अंगावरचे केस चिकटलेले. झाकण उचललं आणि असा भपकारा आला की हॉकीप्रेमी मंडळाचे अध्यक्ष तोंड दाबून बाहेरच्या नळाकडे धावले. एरवी या गृहस्थांचं तोंड कुणालाच बंद करता आलं नव्हतं, ते त्या उंदराने केलं.

या पेटीत काल संध्याकाळपर्यंत गुडघ्याला बांधायचा एक पट्टा होता. साधासुधा नव्हे, लाल संघाच्या ‘तोफे’चा. पेनल्टी कॉर्नर मिळाला की चेंडू गोळीसारखा जाळ्यात घालणारा हा खेळाडू. लोकांनी त्याला तोफ म्हणायला सुरुवात केली आणि मग त्याचं खरं नाव सगळे विसरले. हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर सरावात एका पोराने त्याला वेडंवाकडं अडवलं आणि त्याचा गुडघा कामातून गेला. साखळीतला एकही सामना तो खेळला नाही. बाद फेरी जवळ आली तसा मात्र तो ठणठणीत झाला, आणि ‘या पट्ट्यानेच मला उभं केलं’ म्हणत त्याने तो पट्टा मंडळाला भेट दिला.

मंडळाने पट्ट्यासाठी पेटी केली, पेटीत दिवा लावला. प्रेक्षक गॅलरीखालच्या त्या कोंदट खोलीत माणसं रांग लावून यायला लागली. कुणी पट्ट्यासोबत फोटो काढून घेई, तर अध्यक्षांच्या मर्जीतल्यांना तो हातात घ्यायलाही मिळे. एका बाईने तर तान्ह्या मुलाच्या कपाळाला तो लावून घेतला. दुसऱ्याच्या घामाच्या पट्ट्याला!

“हे काम त्या गुडघेफोड्याचंच,” चूळ भरून परत आलेले अध्यक्ष म्हणाले, “आधी गुडघा फोडला, आता पट्टा पळवला.”

दारात उभ्या असलेल्या मावशीने हे ऐकलं. गुडघेफोड्या म्हणजे तिचा भाचा.

२

मावशीचं सगळं आयुष्य विमा कंपनीत दावे तपासण्यात गेलं होतं. उसन्या कुबड्या, रंगवलेल्या जखमा, कॅमेऱ्यापुरती वाकडी झालेली माणसं, सगळं बघून झालं होतं. निवृत्त झाल्यावर तिला वाटलं होतं, सुटले बाई या घाणीतून. पण घाण घरापर्यंत चालत आली.

बहीण गेल्यापासून भाचा तिच्याकडेच वाढला. हॉकीशिवाय त्याला काही सुचायचं नाही. लाल संघाने त्याला राखीव खेळाडू म्हणून घेतलं तेव्हा मावशीने अख्ख्या इमारतीत पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. आणि मग तो सराव, ती टक्कर. त्यानंतर संघाने त्याला काढलं नाही, पण खेळवलंही नाही. सकाळी मैदानावर जायचा, एकटाच पळायचा, परत यायचा. घराच्या भिंतीवर रोज काहीतरी घाणेरडं लिहिलेलं असायचं. मावशी उजाडायच्या आत बादली आणि घासणी घेऊन बाहेर यायची, पोराच्या नजरेला पडू नये म्हणून.

काल ती याच खोलीत हात जोडायला आली होती. हे थांबवा म्हणाली. सगळे हसले. तो पट्टा जरा हातात द्या म्हणाली, तर अध्यक्षांनी साफ नाही म्हणून सांगितलं. ती काही न बोलता निघून गेली. घरी जेवताना मात्र तिचा राग उफाळून आला, “उद्या पुन्हा जाते आणि ती पेटी उघडायलाच लावते. असले पट्टे मी ढिगाने पाहिलेत. दुखणं किती खरं ते पट्टा सांगतो.” भाच्याने मान खाली घालून तिच्या पेल्यात पाणी ओतलं होतं. आज पहाटे नेहमीप्रमाणे पळायला गेला, आणि आल्यावर मोरीत बराच वेळ हात धूत उभा होता. रडत असेल बिचारा, म्हणून ती तिकडे फिरकली नाही.

“उद्या उपांत्य सामना आहे,” अध्यक्ष म्हणाले. “सामन्याच्या आत पट्टा परत आला नाही तर लीगच्या कार्यालयात तक्रार करणार. जन्माची बंदी येईल पोरावर.”

“आणि चोर दुसराच निघाला तर?”

“निघू दे की. पण निघायचा नाही.”

मावशीने नाकाला रुमाल लावला आणि वाकून पेटीत पाहिलं. कुलूप नव्हतंच, साधी कडी होती. काच फुटलेली नव्हती. पट्टा गेला आणि उंदीर आला. तिच्या मनात पहिला प्रश्न आला तो हाच, की हे दोन्ही कशाला? कुणाला अपमानच करायचा असता तर त्याने उंदीर पट्ट्यावर टाकला असता. आत ठेवून झाकण लावलं की काम झालं. पट्टा नेला याचा अर्थ पट्टाच हवा होता, आणि उंदीर होता तो लोकांनी तिकडे बघून बोंब मारावी म्हणून.

पण असला पट्टा हवाय कुणाला?

३

“मला विचारताय?” मास्तर म्हणाले. गणित शिकवून निवृत्त झालेले हे गृहस्थ निळ्या संघाचे. लाल माणसांच्या खोलीत रोज येऊन बसायचे ते केवळ भांडायला. “मला तो पट्टा फुकट दिला तरी नको. त्या पट्ट्याने आमचं इंजिन नेलं.”

इंजिन म्हणजे निळ्यांचा मधल्या फळीतला खेळाडू. तो याच हंगामात लालकडे गेला होता.

“पट्ट्याने कसं नेलं?” मावशीने विचारलं.

“अहो, लीगचा नियम काय? प्रत्येक संघाने खेळाडूंच्या पगारावर ठरलेल्या मर्यादेपलीकडे जायचं नाही. म्हणजे श्रीमंत क्लबाने सगळे चांगले खेळाडू उचलू नयेत. बरोबर? पण जो जखमी होऊन साखळीभर बाहेर बसतो, त्याचा पगार मोजत नाहीत. तोफ जखमी झाली, तिचा पगार हिशोबातून गेला, त्या जागेत यांनी आमचं इंजिन घेतलं. आणि बाद फेरीला मर्यादा लागूच नाही! आता दोघंही खेळणार. ह्याला न्याय म्हणतात?”

“नियमात बसतं की नाही?” अध्यक्ष उसळले. “आणि तुमच्या गोलकीपरच्या बायकोला क्लबात नोकरी कशी लागली हो? तिला साधं टपाल लावता येत नाही! तो पगार कुठल्या मर्यादेत बसतो?”

“विषय बदलू नका!”

“तुम्ही माणसाच्या मोडलेल्या गुडघ्यावर हिशोब मांडता, शरम वाटत नाही?”

दोघांच्याही तोंडातून तुषार उडत होते. खोलीत उंदराचा वास, त्यावर अत्तराच्या फवाऱ्याचा वास, आणि त्यावर हे. न्याय हा शब्द दोघंही असे वापरत होते, जसं काही तो कोपऱ्यावरच्या दुकानात आपापल्या रंगात मिळतो.

“अध्यक्ष,” ती मध्येच म्हणाली, “तुम्ही पट्टा रोज हातात घेत होता. कसा होता?”

अध्यक्षांचा चेहरा एकदम मऊ झाला. “काय सांगू मावशी! रोज सकाळी पेटी पुसायचो तेव्हा नाकाशी धरायचो. एक वेगळाच वास होता त्याला. नव्या गाडीत पहिल्यांदा बसल्यावर येतो ना, तसा. मोठ्या माणसाच्या घामालासुद्धा...”

मावशी त्यांच्याकडे बघतच राहिली.

“मास्तर,” ती सावकाश म्हणाली, “तुमच्याकडे पट्ट्याचा फोटो आहे का?”

४

फोटो होता. मास्तरांनी पट्टा जवळून टिपून ठेवला होता, निळ्यांच्या गटात टवाळी करायला. मावशीने तो बोटांनी मोठा करून पाहिला आणि तिचं काम झालं.

दुखऱ्या गुडघ्यावर महिनोन्‌महिने बांधलेला पट्टा कसा असतो ते तिला सांगायला नको होतं. असले पट्टे तिने रुमालात धरून तपासले होते. आतला कापूस पिवळा पडतो. वेल्क्रोच्या चिकटपट्टीच्या काट्यांत मोज्याचे धागे, केस, कातडीचा भुगा अडकतो, तो कितीही काढा निघत नाही. आणि वास! तो वास घेतलेला माणूस त्यानंतर जेवायला बसत नाही. या फोटोतल्या चिकटपट्टीच्या काट्यांत मात्र एक धागा नव्हता. पट्टा कुणाच्या गुडघ्याला लागलाच नव्हता, तो खोक्यातून निघाला आणि थेट पेटीत गेला.

म्हणजे तोफेचा गुडघा मोडलाच नव्हता! पगार हिशोबातून काढायला केलेलं ते सोंग होतं, आणि त्या सोंगापायी तिचा भाचा गुडघेफोड्या झाला होता. मावशीने रागाने मोबाइल मास्तरांच्या हातात कोंबला. पण रागाच्या खाली कुठेतरी आनंदही होता. पोर निर्दोष होतं.

आता उंदीर कुठून आला तेवढं कळायला हवं होतं. लाल संघाची फिजिओ तिला खेळाडूंच्या वाटेच्या फाटकाबाहेर भेटली. मंडळाच्या खोलीला दोन दारं आहेत, एक रस्त्याकडे आणि एक खेळाडूंच्या वाटेवर. त्या वाटेच्या टोकाला पाण्याच्या पंपाची खोली.

“उंदीर ना?” फिजिओने नाक मुरडलं. “तो पंपाजवळ पडला होता. विष घातलंय तिथे. आम्ही सगळे नाक धरून जायचो, पण उचलायचा कुणी नाही. आज पाहिलं तर गेलेला.”

“बाहेरची माणसं आत जातात?”

“छे! रखवालदार सोडत नाही. फक्त खेळाडू आणि आम्ही. मंडळाच्या खोलीची कडीसुद्धा आमच्या बाजूने आहे.”

“आणि तोफेचा गुडघा? उपचार तूच केलेस?”

फिजिओने मान दुसरीकडे वळवली. “मावशी, त्यांचे डॉक्टर बाहेरचे होते. मी त्या गुडघ्याला हात लावलेला नाही. मी विचारलंही नाही. विचारणाऱ्यांना पुढच्या हंगामात कुणी बोलवत नाही.”

“शाब्बास,” मावशी म्हणाली. तिला त्या पोरीचीही किळस आली.

म्हणजे अध्यक्ष सुटले आणि मास्तरही सुटले; चोर संघातला होता. मॅनेजर असेल, नाहीतर खुद्द तोफ. पण घरी येईपर्यंत एक गोष्ट तिला सलत राहिली. पट्टा बरेच दिवस पेटीत होता, लोक हाताळत होते, कुणाला भीती वाटली नाही. मग तो आजच का पळवावा लागला?

५

उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी जिना चढून आलं.

उन्हाने रस्ते तापलेले होते, आणि भाचा जाड लांब विजार घालून पळून आला होता. काल संध्याकाळपासून तो जरा लंगडत होता. कुणी मारलं का, असं मावशीने दहादा विचारलं होतं. तो म्हणाला, पाय लचकलाय. तिने मनातल्या मनात त्या मंडळातल्या एकेकाला फोडून काढलं होतं.

आता ती खुर्चीत बसून त्याची पावलं ऐकत होती, आणि पूर्वी दावा तपासताना करायची तसा विचार करत होती. पट्टा नवा आहे हे ओळखणारं कोण होतं? ती स्वतः. ती पट्टा बघणार हे कुणाला ठाऊक होतं? अध्यक्षांनी नाही म्हटलं तेव्हा ती गुपचूप निघून आली होती. त्यांच्या लेखी विषय तिथेच संपला. उद्या पेटी उघडायला लावते हे ती फक्त जेवताना बोलली होती, आणि जेवायला समोर एकच माणूस होता.

जिन्यावरचं एक पाऊल नीट पडत होतं, दुसरं ताठ पडत होतं.

भाचा आत आला. घामाने निथळत होता.

“विजार वर कर,” मावशी म्हणाली.

“काय?”

“डाव्या पायाची. वर कर.”

“मावशी, तू पण ना...”

ती उठली, खाली बसली आणि तिने स्वतःच ती विजार ओढून वर केली. पट्टा त्याच्या गुडघ्यावर आवळून बांधलेला होता. कालपासून तो घालून हा पळत होता, त्यात घाम जिरवत होता, मळ भरवत होता. संध्याकाळी कुठेतरी तो ‘सापडणार’ होता, अगदी वापरलेला.

“मॅनेजरने सांगितलं?” तिने पट्ट्याची चिकटपट्टी उपटत विचारलं.

भाचा पलंगाच्या कडेला बसला. घाबरला नव्हता, फक्त वैतागला होता. “मी त्यांना फोन केला. म्हटलं, मावशी पट्टा बघणार म्हणते, आणि ती ओळखेल. ते म्हणाले, मग तूच निस्तर.”

“आणि ती टक्कर?”

“ठरलेलीच होती. मी जाऊन आदळायचं, तो पडणार. थोडे दिवस शिव्या खायच्या. पुढच्या हंगामात मुख्य संघात जागा पक्की.” त्याने तिच्याकडे पाहिलं. “सगळे क्लब करतात गं. हे नाही तर दुसरं काहीतरी.”

“उंदीर हाताने उचललास?”

“शेपटीला धरून.”

मावशीला भडभडून आलं, ते उंदरामुळे नव्हे. “अरे, भिंतीवरच्या त्या शिव्या मी रोज घासून काढत होते रे. तुझ्या दृष्टीस पडू नयेत म्हणून.”

“मी सांगितलं होतं का घासायला?” भाचा म्हणाला.

६

तिने दंड धरून त्याला तसंच मंडळाच्या खोलीत नेलं. सामन्याला अवकाश होता, खोली लाल सदऱ्यांनी गच्च भरली होती. गुडघेफोड्या दिसताच कुणीतरी शिवी हासडली, कुणीतरी बाटली फेकली. मावशीने पट्टा टेबलावर आपटला. वास असा पसरला की पहिली रांग मागे सरली.

“आता याला घामाचा वास येतोय,” ती म्हणाली, “तो तोफेचा नाही, याचा आहे.”

आणि मग तिने सगळं सांगितलं. नव्या गाडीचा वास, फोटोतली कोरी चिकटपट्टी, पंपाजवळचा उंदीर, खेळाडूंच्या वाटेवरची कडी, तिचं जेवतानाचं बोलणं. तोफेचा गुडघा कधी मोडलाच नव्हता. पगाराची मर्यादा चुकवायला केलेलं ते नाटक होतं, आणि तिचा भाचा त्यातलं पात्र होता. तुम्हा सगळ्यांना, मला, सगळ्यांना यांनी मूर्ख बनवलं. तिला वाटत होतं आता खोली पेटेल. पोराला दोन थपडा बसतील, बसू देत, पण मॅनेजरच्या दारावर मोर्चा जाईल. इतके दिवस ज्या न्यायासाठी ही माणसं घसे फोडत होती तो आता कुणीतरी मागेल.

सगळ्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं.

मग अध्यक्षांनी डोळे पुसले. “म्हणजे,” ते म्हणाले, आवाज खरोखरच कापत होता, “इतके दिवस हे पोर आपल्या शिव्या खात होतं... संघासाठी?”

“अहो अध्यक्ष, मी काय सांगतेय...”

“एक शब्द बोलला नाही! एक शब्द! आणि आपण याला गुडघेफोड्या म्हटलं!” त्यांनी भाच्याला मिठी मारली. घामासकट.

“म्हणजे तोफ साखळीभर आराम करून आलीय?” मागून कुणीतरी ओरडलं. “अरे, ताजी तोफ आहे! आज फाडणार!”

आणि खोली पेटली खरी. लोकांनी भाच्याला खांद्यावर उचललं. कालपर्यंत त्याच्या दारावर थुंकणारे आज त्याचे हात धरायला धडपडत होते. छताला डोकं लागू नये म्हणून तो वाकला होता आणि हसत होता. लहानपणी पहिली स्टिक हातात मिळाल्यावर हसला होता तसा.

मावशीने मास्तरांकडे पाहिलं. निदान हा माणूस तरी. “मास्तर, तुम्ही बोला. तुमच्या संघावर अन्याय झालाय. तुमचं इंजिन गेलं!”

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. चेहरा पडला होता. “काय बोलू? आमच्या मॅनेजरला ही अक्कल कधी सुचायची?” आणि मग, जरा ओशाळून, त्यांनी मोबाइल बाहेर काढला आणि खांद्यावरच्या पोराचा फोटो काढायला हात उंच केला.

मावशीने टेबलावरचा पट्टा प्लास्टिकच्या पिशवीत भरला.

“कुठे निघालात?” अध्यक्षांनी दार अडवलं. “मावशी, झालं ते झालं. पोराचं नाव निघालं की आता! तुम्हाला हेच हवं होतं ना?”

“सरका.”

“मावशी!” भाचा वरून ओरडला. हसू अजून पुरतं मावळलं नव्हतं. “मावशी, असं काय करतेस? माझी जागा जाईल!”

तिने वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित थांबली असती. अध्यक्षांना कोपराने बाजूला सारून ती बाहेर पडली. लीगचं कार्यालय त्याच गॅलरीच्या वरच्या मजल्यावर होतं. जिन्यात माणसांची रीघ लागली होती, सगळे उतावीळ, सगळे लाल किंवा निळे, आणि ती त्यांच्यातून कठडा धरून चढत राहिली. खालून भाच्याच्या नावाचा घोष ऐकू येत होता. त्याला नावाने हाक मारणारे इतके लोक तिने पहिल्यांदाच ऐकले.

कार्यालयात एकच अधिकारी होता, तोही सामना बघायला उठण्याच्या बेतात. मावशीने पिशवी त्याच्या टेबलावर ठेवली आणि समोरच्या खुर्चीत बसली.

“तक्रार आहे.”

त्याने नाइलाजाने लेखणी उचलली. “कुणाविरुद्ध?”

“क्लब आहे, मॅनेजर आहे, त्यांचा तो मोठा खेळाडू आहे. सगळं सांगते,” मावशी म्हणाली. “पण आधी माझ्या भाच्याचं नाव लिहा.”